एक मशीन फॉरमॅट मारलं, दुसरं अपग्रेड केलं: विंडोज ११ वर जायच्या दोन्ही वाटांचा रिव्ह्यू (आणि पुण्याच्या टापकीर गल्लीतल्या एका दुकानाचा)

आधीच सांगते, मी काही कॉम्प्युटर इंजिनिअर वगैरे नाही, घरी बसून डीटीपी करते, दिवाळी अंक, अहवाल, लग्नपत्रिका, कुणाचं आत्मचरित्र, असलं सगळं. त्यामुळे मशीन बंद म्हणजे दुकान बंद. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपणार हे वर्षभर वाचत होते आणि वर्षभर पुढे ढकलत होते, कारण सप्टेंबरमध्ये दिवाळी अंकाच्या फाइली अंगावर असताना मशीनला हात लावायचा म्हणजे चालत्या रिक्षाचं चाक बदलण्यासारखं. शेवटी अंक छापायला गेले, लोकांनी घरात जळमटं काढायला घेतली आणि मी कॉम्प्युटर काढला.

घरात दोन मशीन. एक माझा डेस्कटॉप, २०१८ साली असेंबल करून घेतलेला, आय५ आठव्या जनरेशनचा, घेतानाच विंडोज १० होमचं लायसन्स बिलावर घेतलेलं. दुसरा नवऱ्याचा लॅपटॉप, आय५ अकराव्या जनरेशनचा. माझा फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकलं, ते दुकानातून. नवऱ्याच्या लॅपटॉपवर आहे त्याच्यावरच अपग्रेड केलं, ते मी घरी. मुद्दाम तुलना करायची म्हणून नाही हं, झालं तसं. पण आता दोन्ही वापरून दोन महिने झालेत तर लिहिते, कारण "ताई तुम्ही काय केलं, फॉरमॅट की अपग्रेड" हे मला आतापर्यंत सहा जणांनी विचारलंय.

आपल्याकडे फॉरमॅट ही गोष्ट म्हणजे आजीच्या काढ्यासारखी आहे, काहीही झालं तरी तेच. मशीन स्लो झालं, फॉरमॅट मार. प्रिंटर चालेना, फॉरमॅट मार. ही सवय एक्सपीच्या काळातली, तेव्हा खरंच दर सहा-आठ महिन्यांनी मारावा लागायचा, पेनड्राइव्हमधून व्हायरस यायचे, आणि एक्सपीवरून विंडोज ७ वर जायचं तर प्रोग्रॅम तसेच ठेवून सरळ जायची सोयच नव्हती, नव्यानेच टाकावं लागायचं. म्हणून प्रत्येकाच्या डोक्यात बसलेलं की सी ड्राइव्ह हा उडवायचाच असतो, आपला जीव डी मध्ये ठेवायचा. माझ्याही डोक्यात हेच.

आता माझ्या मशीनला दुकान का लागलं ते. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक म्हणून एक छोटं ॲप आहे, ते चालवलं तर म्हणे तुमचं मशीन विंडोज ११ ला चालणार नाही. कारण टीपीएम (किल्ल्या जपणारी सुरक्षेची चिप) नाही. मी म्हटलं झालं, आता नवीन घ्या. पण नाही, इंटेलच्या आठव्या जनरेशनमध्ये ते आत असतंच, फक्त बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडते ती मशीनची काळी सेटिंगची स्क्रीन) बरेचदा बंद ठेवलेलं असतं आणि तिथे त्याचं नाव टीपीएम नसून पीटीटी असतं (एएमडीवाल्यांना एफटीपीएम). ते चालू केलं तर पुढची रड, सिक्युअर बूट (अनोळखी सॉफ्टवेअरने मशीन उठू न देणारी सोय). असेंबल करणाऱ्याने २०१८ ला विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने टाकलेलं, डिस्कची मांडणी जुनी, एमबीआर प्रकारची, आणि विंडोज ११ ला हवी नवी पद्धत, यूईएफआय, आणि नवी मांडणी, जीपीटी. आता मला माहितीय की एमबीआर-टू-जीपीटी नावाचं एक टूल विंडोजमध्येच असतं, २०१७ पासून आहे, डेटा न उडवता डिस्क बदलून देतं, पाच मिनिटांचं काम. तेव्हा माहिती नव्हतं. तेव्हा मी त्या काळ्या स्क्रीनला घाबरून मशीन पिशवीत घातलं आणि बुधवार पेठेत गेले. शिवाय डिस्क जुनी साटाची होती, एनव्हीएमई एसएसडी (तिच्याहून कितीतरी वेगवान डिस्क) घ्यायचीच होती, मग म्हटलं एकदमच करून टाकू.

दुकानाचं नाव लिहीत नाही, टापकीर गल्लीत जिन्यावर जाऊन आत आहे एवढं पुरे, तशी पन्नास आहेत. आधी चांगलं सांगते. पोराचा हात सफाईदार होता. नवीन एसएसडी बसवली आणि विंडोज टाकायच्या आधी त्याने माझ्या जुन्या डिस्कची वायर काढून ठेवली. मी विचारलं का, तर म्हणाला "ताई, दोन डिस्क लावून सेटअप चालवला तर विंडोज एका डिस्कवर जातं आणि बूटचा भाग कधीकधी दुसऱ्याच डिस्कवर जाऊन बसतो, मग उद्या जुनी डिस्क काढलीत की मशीन चालूच होणार नाही." हे पुढे मी वाचून खात्री केली, शंभर टक्के बरोबर आहे. पार्टिशन उडवताना चुकीची डिस्क उडायची भीती पण जाते. एवढ्या एका गोष्टीसाठी मी त्याला मनातल्या मनात एक स्टार जास्त दिला, पुढे तो परत घेतला ते सांगतेच.

मग लायसन्सची बोलणी. "ओरिजिनल की टाकून देतो, आठशे रुपये." आता इथे मी घरून वाचून गेले होते, म्हणून वाचले. मशीनवर आधी ॲक्टिव्हेट झालेलं विंडोज १० असेल तर त्याचं डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी बांधलेलं असतं, फॉरमॅट मारताना की विचारली तर "माझ्याकडे की नाही" वर क्लिक करायचं, आणि पुढे एडिशन तीच निवडायची जी आधी होती. होम असेल तर होम. नेटला जोडलं की ते आपोआप ॲक्टिव्हेट होतं. तो सवयीने प्रो टाकायला निघालेला, प्रो टाकलं असतं तर माझं होमचं लायसन्स लागलंच नसतं आणि मग ती आठशेची की घ्यावीच लागली असती. मी म्हटलं दादा होम टाक. त्याने जरा बघितलं माझ्याकडे, पण टाकलं. दहा मिनिटांत ॲक्टिव्हेटेड. मजुरी सातशे, एसएसडीचे वेगळे. दीड तासात मशीन हातात, जुनी डिस्क परत जोडून, मराठी टायपिंगचं काहीतरी पण टाकून दिलं. मी खुश होऊन चितळ्यांकडून बाकरवडी घेऊन घरी.

घरी आल्यावर सुरू झालं.

पहिलं म्हणजे फॉन्ट. डीटीपीवाल्यांना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते, जुन्या मराठी फाइली युनिकोडमध्ये (कुठल्याही मशीनवर मराठी वाचता येते ती पद्धत) नसतात, त्या श्री-देव, कृतिदेव, शिवाजी असल्या फॉन्टमध्ये असतात, आणि तो फॉन्ट मशीनवर नसला की "श्री गणेशाय नमः" च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरची भेळ दिसते. माझ्या जुन्या विंडोजमध्ये सात वर्षांत कुठून कुठून आलेले तीनशेच्या वर फॉन्ट होते. गिऱ्हाइकाने पेनड्राइव्हवर दिलेला, कुठल्या प्रेसमधून आणलेला, कुणीतरी मेलवर पाठवलेला. त्यांची यादी माझ्याकडे? अजिबात नाही. ते फॉन्ट "आहेत" हे मला कधी जाणवलंच नव्हतं, भिंतीला रंग असतो तसे ते होते. सुदैवाने जुनी डिस्क शाबूत होती, तिच्यातल्या विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून उचलून आणले. त्याच डिस्कवर फॉरमॅट मारला असता तर ते कायमचे गेले असते, आणि दुकानदार फॉरमॅटच्या आधी विचारतो काय, "ताई डेस्कटॉप आणि डॉक्युमेंटचा बॅकअप घेऊ ना?" फॉन्ट डेस्कटॉपवर नसतात हो.

दुसरं त्याहून बारीक. एका संस्थेचा अहवाल, वर्डमध्ये, मंगल फॉन्टमध्ये केलेला, युनिकोडच, त्यामुळे मी निर्धास्त. उघडला तर आठ पानांचा नऊ पानांचा झाला. मजकूर सगळा बरोबर, पण ओळी सरकलेल्या, तक्ता दोन पानांत फाटलेला. अर्धा तास मी वर्डच्या मार्जिनशी भांडत होते. मग लक्षात आलं, मंगल फॉन्टच नाहीये, वर्ड आपलं निर्मला दाखवतंय. विंडोज १० पासून मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे फॉन्ट सरसकट येतच नाहीत, ते देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स म्हणून वेगळे ठेवलेत, सेटिंग्जमध्ये ऑप्शनल फीचर्समध्ये जाऊन मागवायचे. किंवा भाषांच्या यादीत मराठी घातली की आपोआप येतात. जुन्या मशीनवर मराठी भाषा घातलेली असल्याने ते कधीच आले होते, मला पत्ताच नाही. आणि या पोराने भाषा घातलीच नव्हती, कुठलंतरी टायपिंगचं टूल टाकून दिलेलं. मराठी भाषा घातली, मंगल आला, अहवाल परत आठ पानं. एवढंसं. पण हे कोणाला विचारणार तुम्ही, दुकानदाराला? तो म्हणेल फॉरमॅट मारून बघू.

तिसरं, टायपिंग. मी गूगल इनपुट टूल्सवर टाइप करणारी, ते ऑफलाइन विंडोजवालं. गूगलने ते केव्हाच बंद केलंय, त्यांच्याकडून आता डाउनलोड होत नाही, आणि इन्स्टॉलरची फाइल मी ठेवलेली नाही, ही चूक माझी. तिऱ्हाइत साइटवरून घ्यायची हिंमत झाली नाही, कीबोर्डवरचं प्रत्येक अक्षर ज्याच्या हातातून जाणार ते कुठूनही कसं उचलायचं. मग विंडोजचाच मराठी फोनेटिक कीबोर्ड लावला, तो २०१९ पासून विंडोजमध्ये आहे, वाईट नाही, पण हाताला सवय लागायला पंधरा दिवस गेले. पहिल्या आठवड्यात एका पत्रिकेत "चि. सौ. कां." टाइप करताना इतक्यांदा मागे-पुढे केलं की त्या वधूचं लग्न मी लावतेय असं वाटायला लागलं.

चौथं, ग्राफिक्सचं सॉफ्टवेअर. रीतसर विकत घेतलेलं, पण लायसन्स जुन्या विंडोजवर चालू, नव्यावर टाकलं तर म्हणतं तुमचा कोटा संपला. फॉरमॅटच्या आधी तिथून डीॲक्टिव्हेट करायचं असतं. मला कुणी सांगितलं नाही, सांगायला कोण बसलंय. मग जुन्या डिस्कवरून मशीन चालू करून ते सोडवायचं ठरवलं, तर जुनं विंडोज लेगसी पद्धतीचं, बायोसमध्ये परत सीएसएम (जुनी पद्धत चालू देणारी सोय) चालू करा, सिक्युअर बूट बंद करा, तेव्हा ते उठलं. आत गेले, डीॲक्टिव्हेट केलं, परत सगळं पहिल्यासारखं. रात्रीचे बारा. ज्या काळ्या स्क्रीनला घाबरून दुकानात गेले होते तिथे शेवटी मी एकटीच जाऊन आले. अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी आणि सीए मंडळींनी तर फॉरमॅटच्या नावाने आधी कान पकडावेत, लायसन्स सरेंडर करा, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्राइव्हर परत टाका, आणि हे सगळं रिटर्न भरायच्या आदल्या दिवशी आठवतं.

आता त्या काढून घेतलेल्या स्टारची गोष्ट, ही मात्र नीट वाचा. घरी आणल्यावर चौथ्या दिवशी कोपऱ्यात मेसेज आला, तुमचं वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टचं ऑनलाइन कपाट) भरलंय. मी वनड्राइव्ह वापरतच नाही. डेस्कटॉपकडे बघितलं तर प्रत्येक आयकॉनला बारीक ढग नाहीतर हिरवी टिक. स्टार्ट मेनू उघडला, खाली माझ्या नावाऐवजी त्या पोराचं नाव. मी तो चार दिवस बघतच नव्हते, कोण बघतं तिथे. सी ड्राइव्हमध्ये युजर्सचं फोल्डर उघडलं तर त्याला नाव म्हणून त्याच्या ईमेलची पहिली पाच अक्षरं. म्हणजे झालं असं, विंडोज ११ होम टाकताना नेट आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट मागतं, गिऱ्हाइकाला कुठे पासवर्ड विचारत बसायचं म्हणून त्याने आपल्या अकाउंटने लॉगिन करून सेटअप पुढे ढकलला. आणि बॅकअपच्या पानावर पुढे-पुढे दाबत गेला. म्हणजे चार दिवस माझा डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट, त्यात सासऱ्यांच्या आधारची स्कॅन कॉपी, गिऱ्हाइकांच्या पत्रिका, मुलीची मार्कशीट, सगळं त्या पोराच्या ढगात चाललेलं. फुकटचे ५ जीबी भरले म्हणून कळलं, नाहीतर कळलंही नसतं.

आणि त्याच्या खाली अजून एक पायरी आहे. विंडोज ११ ची २४एच२ किंवा तिच्या पुढची आवृत्ती कोरी टाकली आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन (म्हणजे अख्ख्या डिस्कला कुलूप) आपोआप चालू होतं, पूर्वी त्याच्या अटी कडक होत्या म्हणून ते मुख्यतः लॅपटॉपवर दिसायचं, आता साध्या डेस्कटॉपवरही होतं. चांगली गोष्ट आहे खरं तर, मशीन चोरीला गेलं तर डेटा वाचता येत नाही. पण त्याची ४८ आकडी रिकव्हरी की जाते कुठे? ज्या अकाउंटने लॉगिन केलं तिथे. म्हणजे माझ्या घराची किल्ली टापकीर गल्लीत. उद्या बायोस अपडेट केलं, मदरबोर्ड बदलला, आणि मशीनने निळ्या स्क्रीनवर की मागितली, तर मी काय त्या पोराला शोधत फिरणार? त्याने तोवर दुकान सोडलं असलं तर? फॉरमॅटच्या सल्ल्यांमध्ये हे कुणी सांगत नाही म्हणून एवढं लांबण लावून लिहितेय. आहे त्यावर अपग्रेड केलं तर हे एन्क्रिप्शन असं गुपचूप चालू होत नाही, आधी होतं तसंच राहतं.

मी काय केलं ते सांगते, कुणाला लागलं तर. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत जाऊन डिव्हाइस एन्क्रिप्शन आधी बंद केलं, डिस्क उलगडायला थोडा वेळ लागतो तो लागू दिला. मग माझ्या अकाउंटचा नवा युजर केला, त्याला ॲडमिन केलं, फाइली इकडे आणल्या, त्याचा युजर उडवला. (नुसतं अकाउंट काढून भागत नाही, जुनी की त्याच्याकडे राहतेच, म्हणून एन्क्रिप्शन बंद करून परत चालू करायचं, मग नवी की तयार होते.) मघाचं ते रात्री बाराचं बायोस प्रकरण एन्क्रिप्शन बंद होतं तेव्हाच उरकलं हे नशीब, नाहीतर तिथेच निळी स्क्रीन बघावी लागण्याची शक्यता होती. परत चालू केल्यावर की छापून कपाटात ठेवली, दागिन्यांच्या डब्यात. दुकानात जाऊन त्याच्यासमोर उभी राहून त्याचं वनड्राइव्ह रिकामं करून घेतलं, कचरापेटीसकट. तो बिचारा ओशाळला, "ताई आम्ही सगळ्यांचं असंच करतो, कुणी काही बोललं नाही." म्हणजे बघा! त्या पोराच्या अकाउंटमध्ये निम्म्या पेठांच्या किल्ल्या असतील. वाईट हेतू नव्हता हे मला दिसत होतं, पण हेतू बघून डेटा परत येत नाही.

हे एवढं रामायण झाल्यावर नवऱ्याच्या लॅपटॉपला मी कुणाचा हात लावू देणार नव्हते. तो म्हणत होता "त्याला पण फॉरमॅटच मारू, कचरा झालाय", आणि कचरा झालेलाच होता, पण मी म्हटलं नाही.

अपग्रेडची पद्धत अशी, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज ११ ची आयएसओ फाइल उतरवायची, बरीच जीबींची असते, तिच्यावर डबल क्लिक केलं की ती डीव्हीडीसारखी उघडते, आतला सेटअप चालवायचा. विंडोज अपडेटमधून पण होतं, पण त्याच्या मनात येईल तेव्हा. इथे मी माझी एक चूक सांगते. सेटअपने विचारलं काय ठेवायचं, तीन पर्याय, फाइली आणि ॲप्स, नुसत्या फाइली, काहीच नाही. आणि त्यातला पहिला, मला हवा होता तोच, फिकट पडलेला, क्लिकच होईना. तिथेच बरेच जण "बघ, अपग्रेड चालत नाही" म्हणून फॉरमॅटकडे वळत असणार. कारण एवढंच होतं की मी आयएसओ घेतली इंग्लिश इंटरनॅशनल आणि लॅपटॉपचं मूळ विंडोज होतं अमेरिकन इंग्लिशचं. भाषा जुळली नाही की ॲप्स ठेवत नाही. परत तेवढंच डाउनलोड. दुसऱ्यांदा पर्याय उजळला.

बाकी तयारी म्हणाल तर लॅपटॉपबरोबर आलेला मुदत संपलेला अँटीव्हायरस काढून टाकला, कारण हे अपग्रेड अडकतात ते बहुतेक अँटीव्हायरसमुळे नाहीतर कुठल्यातरी जुन्या ड्राइव्हरमुळे, सी मध्ये जागा केली, माऊस सोडून सगळं यूएसबीमधून उपटलं, चार्जर लावला, फाइलींची कॉपी बाहेरच्या डिस्कवर घेतली. कॉपी घ्याच. अपग्रेडमध्ये काही उडत नाही म्हणतात ते खरंय, वीज जाईपर्यंत. मग सुरू केलं आणि चकल्या तळायला गेले. सव्वा तास लागला, तीन-चारदा बंद-चालू झालं, एकदा ७१ टक्क्यांवर इतका वेळ थांबलं की नवरा दर पाच मिनिटांनी येऊन "मेलं का?" विचारत होता. मेलं नव्हतं. अशा वेळी पॉवरचं बटण दाबायचं नाही, एवढं एक पथ्य.

चालू झालं तर सगळं जिथल्या तिथे. वॉलपेपर तोच, क्रोमच्या टॅब त्याच, व्हॉट्सॲप परत स्कॅन करायला नको, ऑफिसचं लायसन्स शाबूत, मराठी कीबोर्ड, गूगल इनपुट टूल्ससुद्धा! माझ्याकडे नाही आणि याच्याकडे आहे, आणि हा माणूस वर्षातून दोनदा मराठी टाइप करतो. खरं सांगते, जरा जळलेच.

आतून होतं काय, तर सेटअप नवीन विंडोज बाजूला मांडतो, जुनं सगळं विंडोज-डॉट-ओल्ड नावाच्या फोल्डरमध्ये सरकवतो, आणि मग प्रोग्रॅम, सेटिंग, ड्राइव्हर, आपली फोल्डरं नव्यात आणून लावतो. ते जुनं फोल्डर दहा दिवस राहतं, तेवढ्यात पटलं नाही तर सेटिंग्जच्या रिकव्हरीमधून परत विंडोज १० वर जाता येतं. दहा दिवसांनी ते आपोआप पुसलं जातं, हाताने ओढून डिलीट करायला जाऊ नका. नवऱ्याच्या लॅपटॉपवर ते बावीस जीबीचं होतं, त्यामुळे पहिल्या दिवशी "सी फुल झाला" म्हणून आरडाओरडा झाला.

बिघडलं काय? एक प्रिंटर. आधी प्रिंट आणि स्कॅन दोन्ही करायचा तो आता नुसता प्रिंट द्यायला लागला, स्कॅन करेना, ड्राइव्हर काढून नव्याने टाकला, झालं. आणि टास्कबारचे आयकॉन मध्यभागी गेले त्याचं नवऱ्याला फार दुःख झालं, ते सेटिंगमधून डावीकडे आणून दिले.

कचऱ्याचं मात्र त्याचं म्हणणं खरं होतं. अपग्रेडबरोबर कचरा पण इमानदारीत आला, तीन पीडीएफ रीडर, कुठल्यातरी जुन्या मोबाईलचं सॉफ्टवेअर, दोन टूलबार. पण तो काढायला फॉरमॅट कशाला? स्टार्टअपमध्ये चौदा गोष्टी होत्या, नऊ बंद केल्या. नको ते प्रोग्रॅम अनइन्स्टॉल केले, एक रविवार सकाळ गेली. आता तो लॅपटॉप आणि माझं कोरं मशीन शेजारी ठेवलं तर उघडायला माझं थोडं लवकर उघडतं, आणि लोक म्हणतील बघा फॉरमॅटचा फायदा, पण मी त्याच वेळी साटावरून एनव्हीएमईवर आलेय, मग वेग फॉरमॅटचा की डिस्कचा? माझं मत विचाराल तर डिस्कचा. सात वर्षं वापरलेलं जुनं विंडोज तसंच्या तसं नव्या डिस्कवर क्लोन केलं असतं आणि मग अपग्रेड केलं असतं तरी मला वाटतं एवढाच वेग मिळाला असता, आणि माझी पंधरा दिवसांची ससेहोलपट वाचली असती.

मग कोरं कधी करावं? मशीनमध्ये व्हायरस शिरल्याची खात्री असेल तर, कुणाचं वापरलेलं मशीन विकत घेतलं असेल तर, क्रॅक टाकलेलं विंडोज असेल तर, किंवा तुम्ही मशीन विकणार असाल तर. ३२ बिटचं विंडोज १० असेल तर पर्यायच नाही, विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये आहे आणि तिकडून सरळ उडी मारता येत नाही. आणि अपग्रेड दोन-तीनदा करून बघितलं, प्रत्येक वेळी मागे फिरलं, तर मग मारा फॉरमॅट, कुठल्या ड्राइव्हरच्या नादात जन्म घालवणार. लॅपटॉप इंटेलच्या अकराव्या किंवा त्यापुढच्या जनरेशनचा असेल आणि सेटअपला डिस्कच दिसली नाही तर घाबरू नका, डिस्क मेलेली नसते, इंटेलचा व्हीएमडी नावाचा डिस्क ओळखणारा ड्राइव्हर पेनड्राइव्हवर घेऊन तिथे लोड करावा लागतो. हे माझ्या भावाच्या लॅपटॉपला झालं आणि त्याला एका दुकानात नवी एसएसडी घ्यायला सांगत होते.

दुकानाच्या बाबतीत, मी परत जाईन का? हार्डवेअरसाठी जाईन. एसएसडी बसवणं, पंखा साफ करणं, पेस्ट लावणं, त्यात त्याचा हात धरणारा नाही, भावही रास्त. विंडोज टाकायला द्यायचंच असेल तर शेजारी स्टूल घेऊन बसेन आणि अकाउंटच्या पानावर माझा ईमेल मी स्वतः टाइप करेन. पाचातले अडीच. आणि आता तरी तो गिऱ्हाइकाला पासवर्ड विचारतो असं कानावर आलंय, तेव्हा अर्धा वाढवते, तीन.

साताऱ्याला सासऱ्यांचा जुना आय३ आहे, सहाव्या जनरेशनचा, तो विंडोज ११ च्या यादीतच नाही. अटी चुकवून टाकता येतं, रूफस नावाच्या टूलने तसा पेनड्राइव्ह बनतो, पण मग अपडेटची खात्री मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि बिघडलं की फोन मलाच येणार. ते आपले रोज पेपर वाचतात, नातवंडांचे फोटो बघतात आणि बँकेचं पासबुक उघडतात. त्यांना विंडोज १० च्या वाढीव सपोर्टमध्ये नाव नोंदवून दिलंय, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतील. त्यांचा ईमेल, त्यांचा पासवर्ड, त्यांच्याच डायरीत.

माझी जुनी डिस्क अजून पुसलेली नाही. लग्नसराई उरकेपर्यंत पुसणारही नाही, परवाच एक गिऱ्हाईक २०१९ ची पत्रिका घेऊन आलं, "यातला गणपती तोच टाका", आणि तो गणपती तिच्यातल्याच एका फॉन्टमध्ये निघाला. वर स्केचपेनने लिहून ठेवलंय, हात लावू नये.